मॅगझीनमधलं लाकूड

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि सातही फोटो मोठे करून पाहिले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. चिमूर आणि नागभीडच्या मधल्या तुमच्या गावात आजोबांचं जुनं कवेलूचं घर उतरवायला काढलं, तेव्हा माळ्यावर तणसाखाली तागाच्या पोत्यात गुंडाळलेली एक बंदूक निघाली. दस्त्याला लागून असलेल्या लोखंडावर मुकुट, त्याखाली जी.आर.आय., मग ईशापूर, मग १९४२, आणि सगळ्यात खाली नंबर १ मार्क ३ आणि एक तारा. घरात लहानपणापासून ऐकलेलं असं की बेचाळीसला चिमूरच्या उठावात पोलिसांकडून हिसकावलेली बंदूक आजोबांनी दडवून ठेवली होती. तुमचे काका म्हणतात, तारा आहे म्हणजे साहेबाची बंदूक. तुम्हाला हवंय ते असं की ही नेमकी कोणती, कुठली आणि आज हिची किंमत काय. आणि जाता जाता तुम्ही एक ओळ टाकलीत, "मॅगझीनमध्ये लाकडाचा ठोकळा अडकला आहे, तो कसा काढायचा?"

काढू नका. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मॅगझीनमधल्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीतल्या, त्या ठोकळ्यात आहे.

मी पोलिस दलात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. ३१ वर्षं कोत, म्हणजे हत्यारांची खोली, सांभाळला, थ्री नॉट थ्री (.३०३ इंच बोअरची, म्हणजे भोकाची, रायफल) उघडून जोडण्यात अर्धी हयात गेली. त्या अनुभवावरून दोन गोष्टी आधी सांगतो, शिक्क्यांचं नंतर. तुमचा पाचवा फोटो नळीच्या तोंडातून आत पाहून काढलेला आहे आणि त्यात बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, बंद दिसतो. तो पाहून माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं पोत्यात पडलेली बंदूक रिकामी आहे हे कोणी पाहिलंय? आमचे उस्ताद पहिल्याच दिवशी सांगायचे की माणसं मरतात ती 'रिकाम्या' बंदुकीने. तेव्हा तिच्याशी आता खेळू नका, बोल्ट ओढून बघू नका, घोडा दाबून बघू नका. पुन्हा पोत्यात गुंडाळा, नळी भिंतीकडे करून खोलीत ठेवा आणि खोलीला कुलूप घाला. दुसरं असं की ती मोटारसायकलवर टाकून नागपूरच्या कोणा जाणकाराला दाखवायला नेऊ नका. का ते पुढे येईलच.

आता शिक्के. ज्या लोखंडावर मुकुट आहे त्याला आम्ही बट सॉकेट म्हणतो. बंदुकीचा मुख्य सांगाडा, म्हणजे बॉडी, तिथे संपतो आणि लाकडी दस्ता त्यात बसतो. या ली-एनफिल्ड जातीच्या रायफलींचा जन्मदाखला याच जागेवर, उजव्या अंगाला ठोकलेला असतो. वरून खाली वाचायचा. मुकुट आणि खालची अक्षरं म्हणजे त्या वेळचा राजा. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. पुढे जी.आर. म्हणजे जॉर्ज, आणि जॉर्ज दोन झाल्यामुळे पाचवा की सहावा हे अक्षरांवरून कळत नाही, साल बघावं लागतं. तुमच्यावर जी.आर.आय. आहे, त्यातला शेवटचा आय महत्त्वाचा. तो इम्पेरेटरचा, म्हणजे सम्राटाचा. विलायतेत बनलेल्या रायफलीवर नुसतं जी.आर. असतं, हिंदुस्थानात बनलेलीवर जी.आर.आय., कारण इंग्लंडचा राजा इथे बादशहा होता. जून १९४८ मध्ये त्याने ही पदवी सोडली, त्यानंतर तो आय ठोकायला कारण उरलं नाही.

ईशापूर म्हणजे बंगालात कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठावरचा सरकारी रायफल कारखाना. त्या जागी आधी कंपनीच्या काळापासून दारूगोळ्याची बारूद बनायची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रायफली बनू लागल्या. विदर्भात आपल्याला अंबाझरी, भंडारा, चांदा, पुलगाव ही नावं माहीत असतात, त्यामुळे 'सरकारी कारखाना' म्हटलं की लोक इथलाच धरतात. पण अंबाझरी, भंडारा आणि चांद्याला दारूगोळ्याची आणि बारुदीची कामं, पुलगावला दारूगोळ्याचं कोठार. तुमची रायफल ईशापूरचीच. याच जागेवर एनफिल्ड, बी.एस.ए. किंवा एल.एस.ए. लिहिलेलं असतं तर ती इंग्लंडची, आणि लिथगो असतं तर ऑस्ट्रेलियाची. आपल्याकडे चारही ठिकाणच्या आलेल्या आहेत. माझ्या कोतात एकाच रॅकमध्ये १९१८ ची बी.एस.ए. आणि १९४३ ची लिथगो शेजारी उभ्या असायच्या आणि दोघींचे बोल्ट पोरं साफ करताना हमखास अदलाबदल करायची.

ताऱ्याचं सांगतो, म्हणजे काकांची समजूत दूर होईल. मार्क ३ ही रायफल १९०७ मध्ये आली. तिच्यावर मॅगझीन बंद करून एकेक गोळी भरण्यासाठी सरकती पट्टी होती, आणि डाव्या अंगाला फार लांबच्या माऱ्यासाठी वेगळी दृष्टी, म्हणजे नेम धरायची खूण, होती. पहिल्या महायुद्धात खंदकात लढताना त्यांचा उपयोग शून्य, आणि बनवायला वेळ जायचा. म्हणून १९१६ मध्ये हे सगळं गाळून सोपी आवृत्ती काढली आणि तिच्या नावापुढे तारा लावला. साहेबाचा त्याच्याशी संबंध नाही. घाईघाईत काटकसर करून काढलेली शिपायाची रायफल ती. तुमच्यावर 'नंबर १' आहे, कारण १९२६ पासून इंग्रजांनी रायफलींना नंबर द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या याच रायफलींवर 'एसएचटी एल ई' असं लिहिलेलं सापडतं.

१९४२ वर आता घराचा सगळा इतिहास उभा आहे. तर हे साल बॉडीचं आहे. फक्त बॉडीचं. नळी वेगळी, बोल्ट वेगळा, पुढचं लाकूड वेगळं, नाकाची, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली, टोपी वेगळी. बंडीचं जू बदललं, आऱ्या बदलल्या, चाकाची धाव बदलली, तरी आपण तिला आजाची बंडीच म्हणतो, तसंच हे. सरकारी रायफल पन्नास-साठ वर्षं चालवतात आणि दर काही वर्षांनी ती वर्कशॉपला जाऊन येते. प्रत्येक फेरीला काहीतरी बदलतं आणि त्याचा शिक्का मागे राहतो. म्हणून फक्त सॉकेट वाचून निकाल देणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. या बंदुकांबाबत माझा एकच नियम आहे: पहिला शिक्का जन्म सांगतो, खरी हकीकत शेवटचा शिक्का सांगतो.

तेव्हा तुमच्या फोटो क्रमांक २ आणि ३ कडे या. रजिस्टर नंबर, ज्याला आम्ही बॉडी नंबर म्हणतो, तो बॉडीच्या पुढच्या कड्यावर असतो आणि बोल्टच्या मुठीच्या मागे परत ठोकलेला असतो. नळीवर, मागच्या दृष्टीच्या पट्टीखाली आणि नाकाच्या टोपीवरही तो असायला हवा. हे सजावटीसाठी नाही. बोल्ट आणि बॉडीची जोडी कारखान्यात घासून बसवतात. जोडी चुकली तर काडतुसाच्या बुडाशी फट राहते आणि उडवताना पुंगळी फाटून वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. तुमच्या बोल्टवर एक जुना नंबर आडवी रेघ मारून रद्द केलेला आणि त्याच्या शेजारी नवा ठोकलेला दिसतो, आणि नवा नंबर बॉडीशी जुळतो. म्हणजे हा बोल्ट दुसऱ्या रायफलीचा, वर्कशॉपने रीतसर या बॉडीला बसवून दिलेला. चोरट्याने जोडलेली बंदूक अशी नसते. तिचे नंबर एकतर जुळतच नाहीत, नाहीतर कानशीने घासलेले असतात.

तिसऱ्या फोटोत नळीच्या बुडाशी डाव्या अंगाला तुम्हाला 'गंजाचे डाग' दिसले. ते डाग नाहीत. मोठं करून बघा, तीन सिंहांचा अगदी बारीक शिक्का आहे, आणि त्याच्याजवळ एफ.आर. ५१. एफ.आर. म्हणजे फॅक्टरी रिपेअर, पुढे साल. सारनाथचा सिंहस्तंभ आपलं राजचिन्ह झाला २६ जानेवारी १९५० ला. स्वातंत्र्याआधी या शिक्क्यावर सिंह येऊच शकत नाही. म्हणजे तुमच्या बंदुकीची नळी स्वतंत्र भारताच्या कारखान्यातून १९५१ मध्ये पास होऊन बाहेर पडली.

आणि आता तो ठोकळा. पाचव्या फोटोबद्दल मी रागावलो, पण त्याच फोटोने शंका फेडली. नळीत पीळ नाही. ली-एनफिल्डच्या नळीत पाच चर असतात, डावीकडे वळत जाणारे, दर दहा इंचाला एक पूर्ण फेरा. झिजलेल्या नळीतही तोंडाशी त्यांच्या खुणा दिसतात. तुमची नळी आतून पितळी ग्लासासारखी गुळगुळीत आहे, आणि भोकही मोठं आहे. थ्री नॉट थ्रीचं भोक ७.७ मिलिमीटर, शाळेतली पेन्सिल जेमतेम जाईल इतकं. तुम्ही शेजारी धरलेल्या एक रुपयाच्या नाण्याशी ताडून पाहिलं तर हे दहाच्या पुढे भरतं. (मोजायला पेन्सिल घालू नका, मघाशी सांगितलं ते लक्षात ठेवा.)

ही फोर टेन मस्केट आहे. रायफल म्हणून जन्मली, नंतर तिची नळी आतून कापून पीळ काढून टाकला, .४१० बोअरची सपाट नळी केली, आणि मॅगझीनमध्ये लाकूड बसवलं, म्हणजे दहा गोळ्या भरता येणार नाहीत, दर वेळी हाताने एकच काडतूस घालायचं. हे काम ईशापूरलाच व्हायचं आणि ते पोलिस, तुरुंग, पहारेकरी यांच्यासाठी. काडतूस थ्री नॉट थ्रीच्याच पितळी पुंगळीचं, फक्त तोंडाशी आवळलेलं नाही, सरळ नळकांड्यासारखं. लांब पल्ला नको, गर्दीत गोळी दोन माणसांच्या पलीकडे जायला नको, आणि पहारेकऱ्याच्या हातून बंदूक गेली तरी ती लष्कराच्या गोळीला उपयोगाची राहू नये, असा तो हिशोब. मी भरती झालो तेव्हा तहसीलच्या ट्रेझरी गार्डवर जुने हवालदार याच घेऊन बसायचे. जड, लांब आणि एकेक गोळीची, पोरं तिला 'लाठी' म्हणायची. नव्या रंगरुटाला पहिल्या रात्री ती दिली की तो मॅगझीन काढून पाहायचा, आत लाकूड दिसलं की घाबरून हवालदाराला उठवायचा. मीही उठवलं होतं.

एक सूचना इथेच. बाजारात मिळणारं शिकारीचं .४१० काडतूस आणि या मस्केटचं काडतूस नाव सारखं असलं तरी एक नाही. चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, वेगळं आहे. कोणी 'बसतं की' म्हणालं तरी बसवू नका.

तर चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला काय झालं आणि त्याच दिवशी तिकडे वर्धा जिल्ह्यात आष्टीला काय झालं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुमच्या घरातला कोणी त्या गर्दीत असेलही, त्या भागात घराघरातून लोक होते. पण ही बंदूक तिथे नव्हती. १९४२ मध्ये ईशापुरातून निघालेली कोरी रायफल चिमूरच्या चौकीत जाणं पटत नाही. त्या वेळी हिंदी फौज दोन लाखांवरून पंचवीस लाखांकडे वाढत होती, नवी रायफल पलटणीला जायची आणि चौकीच्या वाट्याला जुना माल यायचा. हा झाला अंदाज. सिंहाचा शिक्का मात्र अंदाज नाही. १९५१ मध्ये ही बंदूक सरकारी कारखान्याच्या मेजावर होती. बेचाळीसला हिसकावून तणसात लपवलेली बंदूक नऊ वर्षांनी दुरुस्तीला ईशापूरला जाऊन परत माळ्यावर येत नाही. म्हणजे ती तुमच्या घरात १९५१ नंतर कधीतरी आली. काका खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. घरात एक गोष्ट होती आणि घरात एक बंदूक होती, बंदुकीवर १९४२ लिहिलेलं होतं, दोन्ही एकमेकींना चिकटल्या. मी असं निदान दहा घरांत पाहिलंय.

मीही फसलोय. नोकरीच्या सुरुवातीला नागपुरात एका संग्राहकाने एक बंदूक दाखवली. खाली कडी ओढून उघडायची, आणि वर देवनागरी अक्षरं आणि देवनागरी आकडे. मी छातीठोकपणे सांगितलं, ही भोसल्यांची. तो माणूस इतका खूश झाला की जेवल्याशिवाय सोडेना. पुढे कळलं, ती नेपाळची. नेपाळ दरबारने विलायती बंदुकांच्या नकला स्वतः बनवल्या आणि त्यांच्यावर देवनागरीत शिक्के मारले. खरं तर मला जागेवरच कळायला हवं होतं. कडीची ती मार्टिनी रचना इंग्रजांनी फौजेत घेतली १८७१ मध्ये, आणि नागपूरचं राज्य खालसा झालं १८५४ मध्ये. सतरा वर्षांनी येणारी बंदूक भोसले कशी बाळगतील? अक्षर आपलं दिसलं आणि अक्कल गहाण पडली. तेव्हापासून मी आधी यंत्र बघतो, मग अक्षर.

आपल्याकडच्या जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत आणखी काय काय निघतं ते पटकन सांगून टाकतो, कारण अशीच विचारणा बरेच जण करतात. बाजूच्या पट्टीवर मुकुट आणि टॉवर लिहिलेली, केपाची, तोंडातून ठासायची बंदूक निघाली तर ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड किंवा तिच्या पुढे-मागे निघालेली. सत्तावन्नच्या काडतुसांची भानगड झाली ती याच नमुन्यावरून. पण सत्तावन्ननंतर देशी पलटणींना मुद्दाम पीळ नसलेल्या नळ्या दिल्या गेल्या, त्यामुळे टॉवर आहे आणि आत पीळ नाही म्हणून तिला नकली म्हणू नका. कंपनीच्या त्याहून जुन्या बंदुकांवर दोन पायांवर उभा सिंह असतो. राजुऱ्याकडच्या निजामाच्या मुलखातून आलेल्यांवर उर्दू अक्षरं सापडतात. वायव्य सरहद्दीवरच्या दऱ्यांत हाताने बनवलेल्या नकला मात्र ओळखाव्याच लागतात. व्ही.आर. आणि खाली १९०८ असं लिहिलेलं असेल, म्हणजे राणी मेल्यावर सात वर्षांनी, किंवा एनफिल्डमधला एन उलटा असेल, तर समजायचं की ठोकणाऱ्याला वाचता येत नव्हतं. असली बंदूक भिंतीवर टांगायलाही मला भीती वाटते. आणि शेतीच्या रक्षणासाठी, रानडुक्कर आणि रोह्यांसाठी घेतलेली लायसन्सची रायफल थ्री नॉट थ्रीसारखी दिसली तर बहुतेक ती थ्री फिफ्टीन (.३१५) असते. तीही ईशापूरची, त्याच यंत्राची, पण नागरिकांसाठी मुद्दाम वेगळ्या बोअरची.

शिक्के वाचताना एकच काम करा आणि एक काम कधीच करू नका. शाळेतला पांढरा खडू लोखंडावर आडवा घासा आणि हाताने हलकं पुसा. पूड खोलगट अक्षरांत राहते आणि पुसट नंबर उजळून येतो. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवा धरा. तीन आणि आठ, एक आणि सात याशिवाय वेगळे कळत नाहीत. जे करायचं नाही ते म्हणजे पॉलिश पेपर. वरोऱ्याकडचा एक लायसन्सधारक बंदूक तपासणीला आणायच्या आधी रात्रभर घासून चकचकीत करून घेऊन आला, आणि नंबरातले दोन आकडे उडाले. त्याला वाटलं साहेब शाबासकी देतील. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर, नाव किंवा ओळखखूण पुसणं, खोडणं, बदलणं हाच गुन्हा आहे, आणि नंबर पुसलेली बंदूक बाळगणाऱ्यानेच तो पुसला असं कायदा गृहीत धरतो, नाही हे त्याने सिद्ध करायचं. त्या माणसाचे चार महिने खेट्यांत गेले. तुमच्या बाबतीत खडूसुद्धा आता नको. जे वाचायचं ते फोटोंवरून वाचून झालंय.

कायद्याचं आता नीट वाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३०३ आणि ७.६२ च्या रायफलींबरोबर .४१० मस्केटचं नाव स्पष्ट घातलेलं आहे. म्हणजे ही पी.बी., प्रोहिबिटेड बोअर. तिचं लायसन्स जिल्हाधिकारी कचेरीतून मिळत नाही, ते केंद्रीय गृहमंत्रालयाकडचं काम. आजोबांचं लायसन्सचं पुस्तक सापडलं तर त्यात ही बंदूक, हा बॉडी नंबर आणि हे बोअर लिहिलंय का ते पाहा. बरेचदा पुस्तकात बारा बोर असते आणि माळ्यावर भलतंच निघतं. पुस्तकात ती नोंद असली तरी लायसन्सधारक गेल्यावर लायसन्स आपोआप वारसाकडे येत नाही. कलम २१ सांगतं की ज्याच्याकडचं शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही त्याने ते अनावश्यक वेळ न दवडता ठाण्यात जमा करायचं. 'शंभर वर्षं होत आलीत, अँटिक झाली' असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही उडवता येणार नाही अशा निकामी, जुनाट शस्त्राला आहे. तुमच्या बंदुकीचा बोल्ट फोटोत तेल लावल्यासारखा दिसतोय. तिला ती सूट लागू होईल असं मला वाटत नाही.

मी असं करीन. आधी तालुक्याच्या वकिलाला गाठून अर्ज लिहून घेईन. कधी, कुठे, कोणासमक्ष, कशी सापडली, आजोबांचं नाव, मृत्यूचा दाखला, लायसन्सचं पुस्तक असेल तर त्याची झेरॉक्स. घर उतरवायला आलेल्या गवंड्याची आणि मजुरांची नावं साक्षीदार म्हणून घाला, कारण बंदूक सगळ्यांसमोर निघाली हे तुमच्या बाजूचं आहे. अर्ज ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. बंदूक तुम्ही नेऊ नका, त्यांनाच घरी यायला सांगा. येतील, पंचनामा करतील, रिकामी आहे की भरलेली ते त्यांचा माणूस पाहील. पोलिसांना बघून काका घाबरतील, त्यांना आधी सांगून ठेवा. उशीर केला आणि कोणी दुसऱ्यानेच खबर दिली तर हीच गोष्ट उलटी वाचली जाते.

किमतीचं विचारलंत. इथे शून्य. इंटरनेटवर तुम्ही दोन-अडीच लाखांची जी बंदूक पाहिली ती अमेरिकेतली. आपल्या सरकारी भांडारातून भंगारात निघालेल्या ईशापूरच्या रायफली तिकडे जहाजाने गेल्या, १९६२ च्या चीन युद्धानंतर बनवलेल्या ७.६२ च्या सुद्धा, आणि तिथे त्या दुकानात मिळतात. त्या व्हिडिओतल्या बंदुकीच्या नळीवर आयात करणाऱ्याचं नाव आणि गाव बारीक ठोकलेलं दिसेल, अमेरिकेत विकायचं तर ते ठोकावंच लागतं. तुमच्यावर तसं काही नाही. ती देश सोडून गेलेली नाही.

राहता राहिला प्रश्न, ती आजोबांकडे आली कशी. सातव्या फोटोत दस्त्याच्या लाकडावर पांढऱ्या रंगाने रंगवलेला आकडा आहे, वरचा अर्धा उडालाय, खाली ४७ वाचता येतं. तो बट नंबर. बॉडी नंबर कारखाना देतो, बट नंबर ज्या कोतात ती उभी असते तो कोत देतो. पंचनामा होताना तो नंबर लिहून घ्यायला सांगा, जुन्या रजिस्टरांत शोधायचा झाला तर तोच धागा आहे. दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीला एक छोटी झडप असते, ती फोटोत बंद आहे. आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी ठेवायची जागा असते, पण जुने लोक तिथे काहीही कोंबून ठेवायचे. मला एकदा विड्यांचं बंडल मिळालं होतं आणि एकदा घडी घातलेली रजेची चिठ्ठी. पोलिसांना ती झडप तुमच्या समोर उघडायला सांगा, आणि आत जे निघेल ते पंचनाम्यात घ्यायला लावा.